परसातले पेरू

"पालेभाजी उकळून पाणी फेकून द्या, मगच फोडणीला टाका," डॉक्टर म्हणाले. "पोटॅशियम वाढवणारे पेरू, केळी, नारळपाणी बंद. जीवनसत्त्वांसाठी गोळी लिहून देतो."

द्वारकाबाईंनी मान हलवली. ताकदीची गोळी त्यांनी घरात कधी येऊ दिली नव्हती. मुलं फिकट दिसली की लाल माठ, नवरा थकला की शेवग्याच्या शेंगा. परसातल्या पेरूंवर तर सगळं घर वाढलं होतं. आता नवऱ्याच्या, आप्पांच्या, मूत्रपिंडांना तेच झेपत नव्हतं.

दुपारी त्यांनी चाकवत उकळला. हिरवंगार पाणी मोरीत ओतताना त्यांचा हात थबकला. शेवटी तोंड फिरवून त्यांनी ते ओतलं आणि उरलेला चोथा फोडणीला टाकला.

आप्पा जेवले. मग म्हणाले, "पेरू पिकलेत वाटतं. वास येतोय. एक फोड दे."

"नको हो. डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"आयुष्यभर तूच बळंबळं खायला घातलंस."

 द्वारकाबाईंनी गोळी आप्पांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचं भांडं पुढे केलं आणि उठून परसाकडची खिडकी लावून घेतली.