पळीभर पांढरं

"रासायनिक खत म्हणजे मातीला पाजलेली दारू!" राघोत्तमरावांनी गच्चीवरून अवघ्या वेस्ट मांबलम वस्तीला बजावलं.

अवघ्या वेस्ट मांबलमच्या वतीनं ते एकट्या गंधारनं ऐकलं. त्याला इलाज नव्हता. राव घरमालक; फुलचोरांच्या धास्तीनं त्यांनी गच्चीच्या दाराला आतून कुलूप घातलेलं, किल्ली त्यांच्या जानव्याला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत शेणकाल्यात. असल्या हातांनी जानव्याला शिवायचं नाही. दुसऱ्यानं तर नाहीच नाही.

ऑफिसातून येताना त्याला जिन्यातच पकडून वर आणलं होतं. खांद्यावरच्या बॅगेत अर्धा किलो युरिया होता.

"शेणखत कसं, आईच्या हातचं जेवण. हळू पोसतं. माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, गांडुळं सुखानं नांदतात. कळ्ळं की नाही?"

"कळलं, काका."

"मग हा गुलाब बघ पा." रावांच्या मराठीत तमिळ 'पा' हटकून डोकवायचा. " पानांच्या कडा करपल्यात. माझ्या खतानं पान करपत नाही. कोणीतरी युरिया घालतंय."

"ऊन असेल."

"ऊन काय एकाच कुंडीवर पडतं रे? सापडू दे तो चांडाळ. भाडेकरू असला तर सामान रस्त्यावर!"

गंधारनं घाईघाईनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. शिवण उसवलेली होती. पांढरे दाणे टपटप फरशीवर पडले.

रावांनी दाण्यांकडे बघितलं, मग गंधारकडे.

एकट्या पोराला खोली नाही, असं चार घरमालकांनी सांगितल्यावर ही पाचवी मिळाली होती.

"कोणी आणायला सांगितलं? नाव सांग!"

"काकूंनी," गंधार म्हणाला. "दर शुक्रवारी घालतात. सांबाराच्या पळीनं."



"अहो!" जिन्यातून गोदाकाकूंचा आवाज आला. "कॉफी निवतेय. येताय की ओतून टाकू?"

"आलो, आलो!" शेणाचा हात थेट जानव्यावर गेला. किल्ली कुलपात दोनदा चुकली.

दार उघडण्याआधी राव गंधारच्या कानाशी वाकले.

"तिला म्हणावं, पळी नको. कॉफीचा चमचा घे." त्यांनी जिन्याकडे चोरून बघितलं. "मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नको पा."