कुणाचं मशीन बंद करायचं?

एका सर्व्हरला पेलतील त्याच्या दुप्पट व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी संगणक, काकडेसाहेबांनी गिऱ्हाइकांना विकली होती; त्याच सर्व्हरवर एक स्वतःच्या कामालाही ठेवलं होतं. "सगळे एकदम आले तर सर्व्हर बसंल," असं सांगायला गेलेल्या, सर्व्हर सांभाळणाऱ्या सुलेखालाच त्यांनी अख्ख्या ऑफिससमोर झापलं.

सोमवारी सगळे एकदम आले. सर्व्हर गुदमरला आणि उस्मानपुऱ्यातल्या त्या ऑफिसात फोन खणाणू लागले.

"एखादं मशीन बंद कर! त्या रक्तपेढीचंच कर, लई कटकट करतेत," साहेब खेकसले.

सुलेखाने एक मशीन बंद केलं. बाकीची सुरळीत चालू लागली.

"बघ! उगं भीती घालत होतीस." साहेब केबिनमध्ये गेले आणि तिथूनच ओरडले, "माझं काहीच का उघडत नाय?"

"रक्तपेढी चालू आहे, साहेब," पर्स खांद्याला लावत सुलेखा म्हणाली. "तुमचं बंद केलंय."