ताण

"ताण येईल तिथे थांबायचं. जोर करायचा नाही आणि पळही काढायचा नाही. तिथेच श्वास घ्यायचा," योगशिक्षिका म्हणाली.

मागच्या रांगेतल्या काकू वाकल्या वाकल्याच कुरकुरल्या, "अगं, आम्ही इथे ताण घालवायला येतो, आणि तू आणखी द्यायला बसलीयस."

सगळा वर्ग हसला. तीही हसली. "त्याच्यापासून पळालात ना काकू, तर तो तुमच्या आधी घरी पोचतो."

ती घरी आली तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. आजारपणाने पार चिपाड झाली होती.

"ऐक जरा. मी गेल्यावर..."

एरवी एवढं कानावर पडलं की लेक "काहीतरीच बोलू नकोस" म्हणून झटकन उठायची. मग गॅसवर न ठेवलेलं दूधसुद्धा उतू जायचं. आजही ती उठली आणि दारापर्यंत गेली. तिथे चौकटीला धरून तिने सावकाश श्वास सोडला, मागे फिरली आणि आईच्या पायाशी ठाण मांडून बसली.

"बोल आई. तू गेल्यावर काय?"