सगळ्यात अवघड वर्ग

"भौतिकशास्त्र राहिलं," ट्वायला नोवोत्नी म्हणाली. "तेही टाका."

कॉलेजची सल्लागार कॉरिन ब्रँट हिने कीबोर्डवरचे हात उचलले. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि कॅल्क्युलस आधीच नोंदणीत चढवून झाले होते. तेही साधे वर्ग नव्हेत, हुशार मुलांसाठीचे वरचे वर्ग.

"भौतिकशास्त्र आमच्याकडे मुलं पुढे कधीतरी घेतात, मिसेस नोवोत्नी. मेडिकलला अर्ज पदवीच्या शेवटी करायचा, अजून पुष्कळ वेळ आहे. आणि तिथे पहिल्या वर्षाचे गुणसुद्धा बघतात. सुरुवात जरा हलकी ठेवू या."

"हलकं घ्यायला एवढ्या लांब आलो नाही आम्ही."

मायलेकी पहाटेच रँचवरून निघाल्या होत्या. नेब्रास्काच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळूच्या टेकड्यांत त्यांची गुरं होती. आज ती शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून आल्या होत्या. ट्वायलाने येताना कोलाचींचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा डबा आणला होता आणि आल्याआल्याच तो कॉरिनच्या टेबलावर ठेवला होता. बाई वाईट नव्हती. फक्त मुलीला बोलू देत नव्हती.

मुलगी, डिलेनी, विषयांची पुस्तिका चाळत बसली होती. मातीकामाच्या पानावर तिचा हात थांबला. चाकावर फिरणाऱ्या मडक्याचा फोटो होता तिथे. कॉरिनने ते बरोबर टिपलं.

दर ऑगस्टला अशा आया तिच्यासमोर येऊन बसत. स्वप्न आईचं, ओझं लेकराचं. या गप्प मुलीच्या मनात काय आहे, याची कॉरिनला आता उत्सुकता लागून राहिली.

"वडील नाही आले?" तिने डिलेनीला विचारलं.

"ते मार्चमध्ये गेले," उत्तर ट्वायलाने दिलं. "अंगणातच कोसळले. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल तासाभरावर."

कॉरिनला वाटलं, कोडं सुटलं. नवरा डॉक्टरवाचून गेला, आता मुलीने डॉक्टर व्हायलाच हवं. अशा बाईशी वाद काय घालायचा?

ट्वायला खुर्ची पुढे ओढून बसली. "या रसायनशास्त्राच्या वर्गात किती मुलं नापास होतात?"

"नापास किंवा मध्येच सोडणारी... बरीच. प्रोफेसर फार कडक आहेत."

"तोच वर्ग राहू द्या."

"मग निदान संध्याकाळच्या शिकवणीला नाव घालू का? फुकट असते. वरच्या वर्षाची मुलं समजावून सांगतात."

"शिकवणी नको. आमच्यात आपलं आपण निभावतात."

डिलेनीने आईकडे पाहिलं.

कॉरिनने मग नेहमीचा उपाय काढला. "मिसेस नोवोत्नी, खाली ओळखपत्राच्या फोटोला रांग लागलीय. तुम्ही तिच्यासाठी उभ्या राहता का? तिचा नंबर आला की बोलवा."

ट्वायला क्षणभर घुटमळली, मग पर्स उचलून गेली. दार बंद झालं तशी कॉरिन पुढे वाकली.

"आता आपण दोघीच आहोत. तुला खरंच काय शिकायचंय? मातीकाम घ्यायचंय का? मी घालते. आईला मी सांगेन."

"मातीकाम? नाही हो. फोटो छान होता म्हणून बघत होते. मला डॉक्टर व्हायचंय."

"आईसाठी?"

"आईसाठी?" डिलेनी पहिल्यांदाच हसली. मग हसू विरलं. "बाबा पडले तेव्हा मी तिथेच होते. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबत होते. माझ्या हाताखाली काहीतरी चालू होतं, आणि मग नव्हतं. आत नेमकं काय थांबलं ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. पण का? आधी काय बिघडलं? ट्रॅक्टर बंद पडला तरी आम्ही उघडून बघतो." ती थांबली. "मला आत बघायचंय."

अशी मुलगी कॉरिनसमोर बऱ्याच वर्षांत बसली नव्हती.

"मग आपण नीट बेत आखू या ना," ती म्हणाली. "यंदा एकच शास्त्र घे. रसायनशास्त्राचा साधा वर्ग. जोडीला लेखन आणि समाजशास्त्र. चारही एकदम घेतलीस तर तुझ्यासारखीलाही जड जाईल."

"मला माहितीय. भीतीही वाटते." डिलेनीने पुस्तिका मिटली. "पण आई म्हणते तसंच राहू दे. बाबा गेल्यापासून ती माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. कॉलेजचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायची. आणि आज गाडीत स्वतःहून म्हणाली, चल, विषय आपण मिळून निवडू. ती माझ्या बाजूने उभी राहिलीय, मॅडम. ते मला मोडायचं नाहीये."

ती उठली, तेवढ्यात ट्वायला दारात आली. "जा, तुझा नंबर आलाय."

डिलेनी गेली. तिची पावलं जिन्यावर वाजत खाली उतरली. कॉरिनने भौतिकशास्त्र घातलं आणि नोंदणी पक्की केली.

"झालं," ती म्हणाली. "तुमच्या मनासारखं केलंय सगळं. फार गुणी मुलगी आहे तुमची."

ट्वायला बसली नाही. जिन्यावरचा आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली, मग तिने दार अलगद लोटलं.

"खरं सांगा," ती हळूच म्हणाली, "हे एवढं सगळं एकदम अंगावर पडलं, तर नाताळपर्यंत हरून घरी येईल ना ती? कायमची?"