जाताना दार लाव

पडद्यावरचा दुकानदार गुडघ्यावर आला होता. "मारू नको रे! तुझ्या पाया पडतो, सगळं घेऊन जा, पण मला सोड!" समोर बंदूक होती, गल्ला उघडा होता, आणि आवाज बाबांचा होता.

खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी शिटीसुद्धा वाजवली.

"काय काका?" गेम कंपनीचा मालक, टीशर्टातला तिशीचा पोरगा, पुढच्या खुर्चीपाशी वाकला. "दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी झालाय की नाही? आणि तुमचा आवाज तुम्हाला परत दिला बघा आम्ही!"

बाबा काही बोलले नाहीत. बोलणार कसे? गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. गळ्याला रुमाल गुंडाळून ते नुसते पडद्याकडे बघत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लेकीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. या गेमचे सगळे आवाज सांभाळायचे, हेच तर तिचं काम. आणि तिलाच पत्ता नाही! ती हॉस्पिटलात बाबांच्या उशाशी बसली होती, तेव्हा या शहाण्यांनी बाबांची जुनी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला खाऊ घातली आणि त्याच्याकडून ही गयावया वदवून घेतली. वर म्हणे, काकांना सरप्राइज.

पहिल्या भागाच्या वेळी कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि चार टाळकी. नट कुठून आणणार? म्हणून तिने बाबांनाच, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, घरच्या कपाटात पांघरुणांच्या ढिगात बसवलं आणि माइक हातात दिला. कागदावर तेव्हाही हेच होतं: मारू नको, पाया पडतो. बाबांनी कागद तिला परत दिला होता.

"हट्! मी कुणाच्या पाया पडतोय? जन्मभर खिळे-मोळे विकलेत, स्वतःच्या दुकानात. आला कुणी बंदूक घेऊन तर काय म्हणेन, ते सांगू?" आणि नेहमीच्या वैतागलेल्या सुरात म्हणाले, "घे काय घ्यायचं ते. जाताना दार लाव, धूळ येते."

त्या वाक्यापायी लोकांनी गेम डोक्यावर घेतला. अख्खं शहर पेटवून देणारे अट्टल खेळाडू, पण दुकान लुटून निघाले की उंबऱ्याशी थबकायचे, मागे वळायचे आणि निमूट दार लावायचे. त्याचे गुण मिळत नव्हते, बक्षीस नव्हतं, काही नाही. तरी लावायचे.

आता बाबांनी कंट्रोलरसाठी हात पुढे केला.

"अरे, काकांना खेळायचंय! द्या, द्या!" मालक हरखून गेला.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर घेतला. पहिला भाग ते लेकीबरोबर पुष्कळदा खेळले होते. बोटांना सवय होती. त्यांनी पडद्यावरच्या आपल्या गुंडाला रस्ता ओलांडून दुकानात नेलं. बंदूक बाहेर काढली नाही. काउंटरपुढे जरा वेळ उभं केलं, मागे फिरवलं आणि बाहेर आणलं. मग वळून दार लावायचं बटण दाबलं.

दार हललं नाही. त्यांनी परत दाबलं. मग अंगठा जोरात रोवून दाबलं.

"काका, ते दार आता बंद नाही होत," मालक हसत म्हणाला. "फुटतं! गोळी घाला, बघा तरी. काचेचा एकेक तुकडा वेगळा उडतो. पहिल्या भागात होतं का असं काही?"

"तो आवाज काढ," लेक म्हणाली.

"अगं, आता? सगळं पक्कं झालंय."

"काढ म्हणते ना! त्यांनी असलं काही म्हटलेलं नाही. तेव्हाही नाही, कधीच नाही. माझ्या बाबांच्या तोंडी घालायला तुला दुसरं काही सुचलं नाही?"

"आवाज त्यांचा असला तरी रेकॉर्डिंग कंपनीचं आहे." मालकाचं हसू आटलं. "आणि उगाच तमाशा करू नकोस. लोकांना घाबरलेला माणूस बघायला आवडतो. बंदूक रोखल्यावर समोरचा दाराचं बोलायला लागला, तर खेळायची मजा काय?"

बाबांनी कंट्रोलर खुर्चीवर ठेवला आणि उठले. मालकासमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, सावकाश, आवाजाशिवाय.

"काय म्हणाले?" मालकाने लेकीला विचारलं.

"म्हणाले, घे काय घ्यायचं ते."

"बघ!" मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला. "काकांची स्वतःची हरकत नाही, आणि तू मात्र..."

"अरे गाढवा," लेक म्हणाली, "ते चोराला असंच म्हणतात."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर भिरकावलं, बाबांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन बाहेर पडली. दार तिने मुद्दाम सताड उघडं टाकलं.

जिन्यापाशी पोचतात न पोचतात तोच मागून मालकाचा आवाज आला. "चला, चला, काही झालं नाही. लाव रे पुन्हा पहिल्यापासून." आणि लगेच अख्ख्या पॅसेजमध्ये बाबा रडू लागले. मारू नको रे. तुझ्या पाया पडतो.

बाबा थांबले. त्यांनी लेकीचा हात सोडवला.

"राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "चला."

ते ऐकायला थांबले नाहीत. पॅसेजभर ताठ चालत परत गेले. उभ्या जन्मात कधी दार न आपटलेल्या त्या माणसाने दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली आणि ते असं आपटलं, की आतलं ते रडणं अर्ध्या शब्दावर तुटलं.