छत्तीस चुका

पहिल्या पानावरचं चित्र रंगुबाईनं क्षणभर न्याहाळलं आणि चुकीच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

चित्र तसं सोपं होतं. वाकळीसारख्या चौकटी, त्यातला एक कोपरा कापलेला, आणि खाली सहा तुकडे. कापलेल्या जागी कोणता बसेल तेवढं दाखवायचं. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, लिहायचं नाही. जन्मापासून मुकी-बहिरी, पन्नाशी ओलांडलेली, शाळेची पायरी न चढलेली बाई; तिची समज मोजायची तर दुसरा मार्ग नव्हता. चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ प्राची मगदूमनं आधी स्वतः दोनदा करून दाखवलं होतं. बाईनं समजल्यासारखी मान हलवली होती.

दार लोटलेलं होतं. फटीतून नाथाजीच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही दिसत होती. नाथाजी रंगुबाईचा दीर. नवरा गेल्यापासून ती त्याच्याच घरात राहायची. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत महिन्यापूर्वी नाथाजीची सून रेश्मा बुडून मेली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. रेश्माच्या माहेरच्यांनी ते मानलं नाही. त्या वेळी विहिरीवर धुणं धूत एकटी रंगुबाई होती. खुणांनी का होईना, साक्ष देण्याइतकी तिला समज आहे का, एवढंच पोलिसांना हवं होतं. पत्र पोलिसांचं, पण बाईला साताऱ्याला घेऊन आला होता तो नाथाजीच.

"तिला काय कळतंय, मॅडम," आल्या आल्या तो म्हणाला होता. "ताट म्होरं ठेवलं की जेवती, अंधार पडला की निजती. आमच्या बैलाला हिच्यापरीस जास्ती कळतंय." मुक्याला अक्कल नसते, हे गावानंही कधीच ठरवून टाकलं होतं.

दहा पानं झाली, दहाही चूक. मग पंधरा, मग वीस. फुल्या मारून मारून प्राचीला बाईची कीव आली. बाविसाव्या पानाला तिनं सहज बोटावरची नजर काढून रंगुबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे सरळ तिसऱ्या तुकड्यावर गेले आणि तिथंच टेकले. मग बोट पुढं आलं आणि पाचव्यावर गेलं. बरोबर उत्तर तिसरं होतं. पुढच्या पानावरही तोच प्रकार.

छत्तीस पानं संपली तेव्हा छत्तीस चुका झाल्या होत्या. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी त्यातली पाच-सहा बरोबर आली असती. एकही बरोबर येऊ द्यायचं नाही, तर प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधी ठाऊक पाहिजे. आणि शेवटची पानं तर पदवीधरांना घाम फोडणारी होती.

प्राचीला हसू आवरेना. रंगुबाईनं ते हसू पाहिलं, मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

अहवाल बंद पाकिटातून थेट ठाण्यात पाठवायचा, हा नियम प्राचीला पाठ होता. पण शिकलेल्या माणसाला कोडं सुटलं की ते पोटात राहत नाही. ही बाई कशासाठी चुकत होती, हे तिनं स्वतःला विचारायला हवं होतं. ती कशी चुकत होती, त्याच आनंदात तिनं दार उघडलं.

"नाथाजीराव, तुमचा मोठा गैरसमज आहे. त्यांना सगळं कळतं. माझ्याइतकं, कदाचित जास्तच. त्या मुद्दाम चुकत होत्या."

नाथाजी बाकावरून सावकाश उठला. "मुद्दाम?"

"अगदी ठरवून."

"म्हंजी बघितल्यालं बी ध्यानात ऱ्हात असंल."

"सगळं राहतं."

तो आत आला आणि रंगुबाईच्या खुर्चीमागं उभा राहिला. "लय शाणी हाय म्हना की आमची वहिनी."

प्राची सांगलीकडची. ह्या दोन शब्दांचा आपल्या मुलखात काय अर्थ होतो, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी आई 'लय शाणी झालीस व्हय' म्हणाली की पुढची चापट चुकायची नाही. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं.

"थांबा, अजून एक चाचणी राहिलीय," ती घाईघाईनं म्हणाली. "वेळ लागेल. तुम्ही निघा, मी ठाण्याला फोन करून त्यांना गाडीनं पाठवते."

"कशापायी? निकाल तर लागला की." नाथाजीचा आवाज मऊ होता. "आन आमचं मानूस आमी न्हेऊ. जयराज गाडी घिऊन खालीच थांबलाय." जयराज त्याचा मुलगा, रेश्माचा नवरा.

रंगुबाईला ह्यातला शब्दही ऐकू आला नव्हता. तिनं प्राचीचा उतरलेला चेहरा पाहिला. मग मान वळवून दिराचा पाहिला. पदराचं टोक तिनं सोडून दिलं. टेबलावर बोटानं एक मोठा गोल काढला. दोन्ही हात छातीशी आणले आणि त्या गोलाच्या दिशेनं जोरानं ढकलले. मग तेच बोट तिनं खांद्यावरून मागं नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. डोळे प्राचीवर रोखलेले होते.

"काय म्हणतायत त्या?" प्राचीनं विचारलं. तिला सगळं समजलं होतं, तरी तोंडातून तेवढंच निघालं.

नाथाजीनं वहिनीचं ते बोट अलगद आपल्या मुठीत घेतलं.

"घरला चला म्हनती," तो म्हणाला.