वसंताची पहिली हळद

"काय करून राह्यली तू? हळदीला हात लावू नको." चांगुणाबाईनं धाकट्या जावेपुढची परात ओढून घेतली.

"का? हाताला काय झालंय माझ्या?" आसराबाई म्हणाली.

"छातीचा कॅन्सर झाल्याली बाई तू. माझ्या लेकाचं लगीन हाय. अपशकुन नको."

लेक तिचा, खरंय. पण वसंताला लहानपणी न्हाऊमाखू घातलं ते आसराबाईनं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्याला पहिली हळद आपण लावायची, एवढीच तिची हौस.

नव्व्याण्णव साली गाठ निघाली, औरंगाबादला ऑपरेशन झालं, हे तिनंच वडीगोद्रीभर सांगितलं होतं. महिनाभरात डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन आली, तेव्हा बायकांनी तोंडात बोटं घातली. खमकी बाई! खचला तो तिचा नवरा, त्रिंबक. तालमीतला गडी, पण आखाडा सोडला, विहिरीवरची अंघोळ सोडली. भर उन्हाळ्यातही अंगातला सदरा काढीना. बायकोसाठी नवस बोलला असंल, असं लोक म्हणत.

"बाई, आज रक्ताचा रिपोर्ट हाय," आसराबाई जावेला म्हणाली. "रक्तातलं एक प्रोटीन मोजतात. वाढलं तर आजार परत आला. न्हाई वाढलं तर पहिली हळद माझी. बोला!"

"बघू," चांगुणाबाई म्हणाली.

जालन्याच्या एसटीत त्रिंबक हळूच म्हणाला, "बास झालं आता. वहिनीला सांगून टाकतो मी."

"गप बसा. मी हाय ना तिला पुरून उरायला!"

मस्तगडच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून हसल्या. "प्रोटीन बिलकुल वाढलं नाही. आजार परतलेला नाही. जा, लग्न गाजवा." त्रिंबकला तिथंच रडू फुटलं. आसराबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आवरा, पैलवान. गाडी चुकंल."

संध्याकाळी मांडवात तिनं हळदीची वाटी उचलली. चांगुणाबाईनं भर बायकांत तिचं मनगट धरलं.

"रिपोर्ट गेला चुलीत! छाती कापल्याली बाई माझ्या लेकाला शिवणार न्हाई."

वाजंत्री थांबली. वसंता पाटावरून उठू लागला.

"बस रे तू," आसराबाई म्हणाली. "मी लावणारच. कोण अडवतं बघते."

त्रिंबक पुढं आला. "वहिनी, मनगट सोडा तिचं."

"न्हाई सोडत."

त्यानं सदऱ्याच्या गुंड्या काढायला सुरुवात केली.

"अवो, नका!" आसराबाई पहिल्यांदाच घाबरली. "दोन वर्षं झाकलं मी. लोक हसतील तुम्हाला!"

"हसू दे."

त्यानं सदरा काढला, बंडीही काढली आणि मांडवाच्या खांबाला टांगली. ट्यूबच्या उजेडात त्याची उजवी छाती पैलवानाची होती. डावीकडं नुसता ऑपरेशनचा आडवा व्रण होता.